कासवाची गोष्ट कोण कोणाला सांगतं?

पंचतंत्रातल्या कासव-हंसांच्या गोष्टीचं तात्पर्य 'नको तिथे तोंड उघडू नये' एवढंच, असं सहसा सांगितलं जातं. सुटी गोष्ट वाचली की तेवढंच हाती लागतं. पण तिला बांधलेला श्लोक बघा: 'सुहृदां हितकामानां न करोतीह यो वचः'. हितचिंतक मित्रांचं जो ऐकत नाही तो काठीवरून सुटलेल्या कासवासारखा मरतो. बडबडीचं नावही नाही!

कुठलीही कथा घ्या, कागदावर तीन गोष्टी लिहा: सांगणारा कोण, ऐकणारा कोण, ऐकून त्याने काय केलं. बालआवृत्त्या नेमकं हेच गाळतात.

कासवाची गोष्ट टिटवी नवऱ्याला सांगते, कारण समुद्रकाठी अंडी नकोत हे तो ऐकत नाही. अंडी जातात. मग तो पक्ष्यांना जमवून गरुडापर्यंत पोचतो आणि विष्णूच्या धाकाने समुद्र अंडी परत करतो. म्हणजे न ऐकणारा कासवासारखा मेला नाही, जिंकला. मला हा भाग सगळ्यात मोलाचा वाटतो. कथा स्वतःच्याच तात्पर्याला तपासून बघते.

शिवाय टिटवीची गोष्ट सांगतो दमनक नावाचा कोल्हा, संजीवक बैलाला: शत्रूला कमी लेखू नकोस म्हणून. सल्ला खरा, हेतू घातकी: बैल आणि त्याचा मित्र सिंह यांच्यात भांडण लावायचं. शेवटी बैल मरतो आणि दमनक सिंहाचा मंत्री होतो. ८व्या शतकात इब्न अल-मुकफ्फा या लेखकाने पंचतंत्र अरबीत आणताना दमनकाच्या खटल्याचं नवं प्रकरण जोडून त्याला शिक्षा केली. संस्कृतात ती नाही.