ऑक्सिजन कमी केला की बिड आणि बॅक्स (पेशीला मरणाकडे नेणारी दोन प्रथिनं) दोन्ही घटतात, पण एचआयएफ (ऑक्सिजन कमी पडला की टिकून राहून जनुकांचं काम बदलणारं प्रथिन) दाबल्यावर एकटं बिडच परत येतं. अर्थ कसा लावू?

नमस्कार मंडळी,

मोठ्या आतड्याच्या कर्करोगावर पीएचडी करते आहे, तिसरं वर्ष. एचसीटी ११६ पेशी (प्रयोगशाळेत वाढवलेल्या, याच कर्करोगाच्या) १% ऑक्सिजनमध्ये २४ तास ठेवल्या की वेस्टर्न ब्लॉटवर (प्रथिनाचं प्रमाण दाखवणारी चाचणी) बिड आणि बॅक्स, दोन्हींचे बँड फिके पडतात. एसआयआरएनए (नेमक्या एका जनुकाचा आरएनए मोडणारा छोटा आरएनए) वापरून एचआयएफ-१ अल्फा, म्हणजे एचआयएफचा एक प्रकार, दाबलं तर बिड बऱ्यापैकी परत येतं, बॅक्स मात्र हलत नाही. साध्या इन्क्युबेटरमध्ये कोबाल्ट क्लोराइड (ऑक्सिजन पुरेसा असूनही एचआयएफ टिकवणारं रसायन) दिलं तेव्हाही बिड उतरलं, बॅक्स जिथल्या तिथे.

म्हणजे बिड एचआयएफमार्गे घटतं आणि बॅक्स वेगळ्या वाटेने, असं मी म्हणते. २००४च्या एका शोधनिबंधाचा निष्कर्षही असाच आहे. पण गाइड विचारतात, ऑक्सिजन कमी पडला की पेशी एकूणच प्रथिनं बनवणं आवरतं घेते, बॅक्सची घट त्यातलीच नसेल कशावरून? क्यूपीसीआरमध्ये (आरएनए मोजायची चाचणी) दोघांचाही आरएनए कमी दिसतो. तुलना जीएपीडीएचशी (स्थिर धरून भाजक म्हणून वापरायचं जनुक) केली आहे.

कॅस्पेज-८ हे एन्झाइम बिडला कापतं, तो तुकडा बॅक्सला जागं करतो आणि मायटोकॉन्ड्रियाच्या बाहेरच्या पडद्याला भोकं पडतात. हे दोघंच कमी असतील तर केमोने पेशी मरणार कशी? गाठीत रक्त नीट न पोचणाऱ्या भागातल्या पेशी औषधाला दाद देत नाहीत, त्याचं एक कारण इथे असू शकतं. म्हणून हे अर्धवट सोडायचं नाही. कोणता प्रयोग आधी करू?

प्रतिसाद: आधी जीएपीडीएच बदला. एचआयएफमुळे ते जनुक स्वतःच वाढतं; भाजक फुगला की बाकी सगळं घटलेलंच दिसणार. त्याच सीडीएनएवर (आरएनएवरून बनवलेली डीएनए प्रत) तुलनेसाठी आरपीएलपी० हे जनुक लावा. आरएनए तरीही कमी आला तर गाइडची शंका बरीचशी मिटते. नाही आला, तर सायक्लोहेक्झिमाइड (नवं प्रथिन बनणं थांबवणारं रसायन) देऊन बॅक्स किती वेगाने मोडतं ते दोन्ही ऑक्सिजन पातळ्यांवर बघा.

तुमच्या एसआयआरएनएने एचआयएफचा दुसरा प्रकार, एचआयएफ-२ अल्फा, दाबला जात नाही, हे लक्षात असू द्या. कोबाल्टने मात्र दोन्ही टिकतात, तरी तुमचं बॅक्स हललं नाही. तुमचा सगळ्यात भक्कम पुरावा तोच आहे, प्रबंधात तो पुढे आणा. आणि लायसेट (पेशी फोडून काढलेला अर्क) कमी ऑक्सिजनच्या चेंबरच्या आतच करता ना? बाहेरच्या हवेत एचआयएफ काही मिनिटांत नाहीसं होतं.

धागाकर्ती: खूप आभार! लायसेट आतच करते. सीडीएनए शिल्लक आहे, सोमवारी लावते आणि आकडे इथेच टाकते.