एकाच मॉडेलच्या दोन रॅकेट वेगळ्या खेळतात: तोल, ताण आणि गटिंगबाबत सल्ला हवा

वारणाकाठ:
नमस्कार. माझी मुलगी पंधरा वर्षांची असून जिल्हा पातळीवर बॅडमिंटन एकेरी आणि दुहेरी, दोन्ही खेळते. तिच्याकडे योनेक्सच्या एकाच मॉडेलच्या दोन रॅकेट आहेत. दोन्ही ४यू वजनाच्या आणि जी५ मुठीच्या आहेत, आणि दोन्हींमध्ये बीजी६५ तार २४ पाउंड ताणावर भरलेली आहे (तार भरण्याच्या या कामालाच गटिंग म्हणतात). कागदावर त्यांच्यात काडीचाही फरक नाही. तरीही सामन्यात पहिलीची तार तुटून दुसरी हाती घेतली की तिचे ड्रॉप (जाळीलगत टाकायचे हलके फटके) जाळीवर नको तितके उंच जातात, क्लिअर (मागच्या रेषेपर्यंतचे उंच फटके) रेषेबाहेर पडतात, आणि हात बसेपर्यंत गेम हातचा गेलेला असतो. प्रशिक्षकांच्या मते हा मनाचा खेळ आहे, मला मात्र तसे वाटत नाही.

म्हणून घरच्या डिजिटल काट्यावर तार, ग्रिप (मुठीवरची गुंडाळी) आणि ओव्हरग्रिपसह (तिच्यावरची पातळ पट्टी) दोन्हींचे वजन केले. पहिली ९१ ग्रॅम भरली, दुसरी ९४. शाफ्ट (मूठ आणि डोके जोडणारी दांडी) पट्टीच्या कडेवर आडवा ठेवून तोलबिंदू शोधला आणि मुठीच्या बुडापासून अंतर मोजले, तेव्हा पहिलीचा तोल २९८ मिलिमीटरवर आणि दुसरीचा २९२ वर आला. हा उत्पादनातील दोष समजावा का, घरच्या घरी तो दूर करता येतो का, आणि तिसरी रॅकेट घेण्याची वेळ आलीच तर दुकानात काय तपासून घ्यावे, याबद्दल जाणकारांनी कृपया सविस्तर लिहावे.

मिक्स्ड_डबल्स:
हा दोष नव्हे. ४यू हा एक आकडा नसून पट्टा आहे. योनेक्सच्या मापात, तार न भरता, ४यू म्हणजे ८० ते ८४ ग्रॅम आणि ३यू म्हणजे ८५ ते ८९ ग्रॅम. त्यामुळे ८० ग्रॅमची आणि ८४ ग्रॅमची अशा दोन्ही रॅकेटवर एकच शिक्का बसतो आणि दोन्ही तपासणीत उत्तीर्ण ठरतात. मोठे खेळाडू बॅगेत एकाच मॉडेलच्या चार-पाच रॅकेट ठेवतात, त्या वजन आणि तोल पाहून जुळवून घेतलेल्या असतात. आपल्याला दुकानात ते भाग्य लाभत नाही.

उपाय सोपा आहे. दुसऱ्या रॅकेटच्या डोक्यावर, अगदी टोकाला, एक ग्रॅम वजनाची शिशाची पट्टी चिकटवा. टोक बुडापासून सुमारे ६७० मिलिमीटरवर येते, त्यामुळे तोल चार मिलिमीटर पुढे सरकून २९६ होईल. दोन मिलिमीटरचा उरलेला फरक कोणाच्याही हाताला कळत नाही.

ताणकाटा:
वरील हिशेब गणित म्हणून बरोबर आहे, पण सल्ला मला पटत नाही. मी गटिंगचे काम करतो आणि 'तोल जुळवून द्या' म्हणून येणाऱ्या रॅकेट नेहमी पाहतो, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

वजनाला तोलबिंदूच्या अंतराने गुणले की बुडाभोवतीचा आघूर्ण मिळतो. पहिलीसाठी ९१ गुणिले २९८ म्हणजे २७११८, तर दुसरीसाठी ९४ गुणिले २९२ म्हणजे २७४४८. फरक ३३० आला. दुसरीत तीन ग्रॅम जास्त आहेत, म्हणून ३३० ला तीनने भागले की ११० मिळतात. याचा अर्थ असा की दोन्ही रॅकेट इतर बाबतींत सारख्या धरल्या, तर जास्तीचे तीन ग्रॅम बुडापासून सरासरी ११० मिलिमीटरवर, म्हणजे ऐन मुठीत आहेत. डोक्यात किंवा शाफ्टमध्ये फरक असल्याचे या आकड्यांत काहीही दिसत नाही. दुसरीवर ओव्हरग्रिपचा एखादा वेढा जास्त आहे, आतली मूळ ग्रिप जाड आहे किंवा लाकडी मूठच थोडी जड आहे.

रॅकेट फिरवताना हाताला जो जडपणा जाणवतो तो वजन आणि हातापासूनच्या अंतराचा वर्ग यांच्या गुणाकारावर ठरतो. मुठीतले तीन ग्रॅम हाताखालीच असल्यामुळे फिरवताना ते जवळजवळ लागतच नाहीत. टोकावरचा एक ग्रॅम मात्र हातापासून सुमारे ५८ सेंटिमीटरवर असतो आणि प्रत्येक फटक्याला तो ओढावा लागतो. आज आपल्या दोन्ही रॅकेट फिरवायला जवळपास सारख्याच असाव्यात. दुसरीच्या टोकाला शिसे लावले तर पट्टीवरचा तोल जुळेल, पण दोन्ही रॅकेट त्या दिवसापासून खऱ्या अर्थाने वेगळ्या होतील.

वजन जुळवायचेच असेल तर दोन्हींच्या ग्रिप पूर्ण उतरवून, एकाच बनावटीच्या ग्रिप सारख्याच वेढ्यांनी गुंडाळा आणि मग पुन्हा तोला. उरलेला फरक हलक्या रॅकेटच्या ग्रिपखाली पट्टी लावून भरून काढता येईल.

ड्रॉप उंच जाणे आणि क्लिअर बाहेर पडणे ही लक्षणे मला तोलाची वाटत नाहीत, तारेच्या ताणाची वाटतात. दोन्हींचे गटिंग एकाच ठिकाणी आणि एकाच वेळी झाले होते का? फोनवर वारंवारता मोजणारे अ‍ॅप घ्या, माइक तारांजवळ धरा, पेनाच्या टोकाने तारांच्या मधोमध हलकी टिचकी मारा आणि दोन्हींचे आकडे इथे द्या.

बिगरी_ते_बेसलाइन:
ग्रिपचा विषय निघालाच आहे म्हणून एक भर घालते. पावसाळ्यात कोकणात किंवा मुंबई-ठाण्यात खेळताना टॉवेल ग्रिप घाम आणि दमट हवा इतकी शोषून घेते की सामन्याच्या शेवटी रॅकेटची मूठ सुरुवातीपेक्षा जड झालेली असते. तोलाचा अभ्यास करायचा असेल तर कोरड्या ग्रिपवर करावा. शिवाय मुठीचा घेर बदलला की बोटांची पकड बदलते आणि जाळीजवळचे नाजूक फटके तिथेच बिघडतात. जी५ वर दोन ओव्हरग्रिप चढवून ती जी४ पेक्षा (आकडा लहान तितकी मूठ जाड) जाड करणारे पालक मी पाहिले आहेत, तेव्हा वजनाबरोबर दोऱ्याने घेरही मोजा.

वारणाकाठ:
सर्वांचे आभार. ताणकाटा यांच्या सांगण्यानुसार मोजले. पहिली रॅकेट ११५० हर्ट्झ दाखवते आणि दुसरी १०६०. पहिलीचे गटिंग अकादमीतील इलेक्ट्रॉनिक मशीनवर अलीकडेच झाले आहे. दुसरीचे गटिंग जवळच्या एका दुकानात, हाताने फिरवायच्या दांड्याच्या मशीनवर, त्याच्या बरेच आधी झाले होते. ती राखीव असल्यामुळे फारशी वापरली गेली नाही, म्हणून तिचा ताण टिकून असेल असे मी गृहीत धरले होते. ग्रिप उतरवल्यावर दुसरीच्या मुठीवर खरोखरच एक जास्तीचा थर निघाला. तो काढल्यावर वजनातील फरक एका ग्रॅमच्या आत आला आहे.

आता ताणाचे काय करावे? तार बदलून बीजी६६ अल्टिमॅक्स घ्यावी, असेही एकाने सुचवले आहे.

ताणकाटा:
तारेची वारंवारता ताणाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात बदलते. दोन्ही फ्रेम आणि दोन्ही तारा सारख्याच असल्याने १०६० भागिले ११५० याचा वर्ग करा, तो ०.८५ येतो. म्हणजे दुसरीचा ताण पहिलीपेक्षा सुमारे पंधरा टक्के कमी आहे. पहिली आज २४ वर आहे असे धरले तर दुसरी जेमतेम साडेवीस पाउंडांवर आहे. प्रत्यक्षात पहिलीही २४ च्या खाली उतरलेली असणार, कारण नायलॉनच्या तारेचा ताण मशीनवरून काढल्याक्षणापासून उतरू लागतो आणि सुरुवातीला तो सर्वांत वेगाने उतरतो. न वापरता कपाटात ठेवलेली रॅकेटही याला अपवाद नाही, आणि उन्हात उभ्या केलेल्या गाडीत राहिली असेल तर विचारायलाच नको. ढिल्या तारा फुलाला (शटलकॉकला) जास्त वेळ धरून जोराने परत फेकतात. आपल्या मुलीचा हात घट्ट तारांना सरावलेला आहे, त्यामुळे तोच फटका दुसऱ्या रॅकेटने लांब जातो. तिच्या मनाला दोष देण्याचे कारण नाही.

मशीनचाही यात वाटा आहे. दांड्याचे मशीन ठरवलेला ताण आला की अडकते आणि तिथेच थांबते. त्यानंतर तार धरून ठेवणारा चिमटा लावेपर्यंत तार सैल होत राहते आणि मशीन ती पुन्हा ओढत नाही. इलेक्ट्रॉनिक मशीन ओढतच राहते. त्यामुळे दोन्हींवर २४ लावले तरी दांड्याच्या मशीनवरची जाळी मऊ निघते. शिवाय मशीनची कमान (स्प्रिंग) वेळोवेळी तपासावी लागते आणि ते काम अनेक दुकानांत होत नाही. तपासायला फार काही लागत नाही. चिमटा आणि ओढणारे टोक यांच्या मध्ये सामान तोलायचा डिजिटल काटा अडकवून मशीन २४ वर लावले की काट्यावर १०.९ किलो दिसायला हवेत. गटिंगवाल्याला ही विनंती नम्रपणे करा. जो आनंदाने करून दाखवील त्याच्याकडेच रॅकेट देत जा.

गटिंगला देताना केवळ '२४' असे सांगू नका. काही जण उभ्या आणि आडव्या, दोन्ही तारा २४ वर भरतात, तर काही जण उभ्या २४ आणि आडव्या २६ वर, कारण आडव्या तारा उभ्यांमधून विणताना घर्षणाने ताण गमावतात आणि त्या थोड्या जास्त ओढल्या तर फ्रेमचा आकारही राखला जातो. मी २४-२६ पसंत करतो, पण त्याहून महत्त्वाचे म्हणजे दोन्ही रॅकेटना एकच पद्धत असावी. गाठी दोन की चार, हेही एकसारखे ठेवा. फ्रेम मशीनवर चढण्याआधी तिची सर्वांत जास्त रुंदी मोजून ठेवा आणि गटिंगनंतर पुन्हा मोजा. एक-दोन मिलिमीटरच्या पलीकडे फरक पडला असेल तर आधाराचे खिळे नीट लावलेले नव्हते असे समजावे. अशा फ्रेमला पुढे तडा जाण्याची भीती असते.

तारेबद्दल माझे मत: सध्या बदलू नका. बीजी६५ ची जाडी ०.७० मिलिमीटर आहे, अल्टिमॅक्सची ०.६५. बारीक तार जास्त उसळते आणि आवाजही छान देते, पण लवकर तुटते. जिचा राखीव रॅकेटवर भरवसा बसलेला नाही, तिला तार लवकर तुटणे परवडणार नाही. तार बदलली की वारंवारतेचे जुने आकडेही तुलनेला निरुपयोगी होतात, कारण बारीक तार त्याच ताणाला वरचा स्वर देते.

दोन्ही रॅकेट एकाच दिवशी, एकाच मशीनवर, शक्य तर एकाच २०० मीटरच्या रिळातून भरून घ्या. दुसऱ्या दिवशी वारंवारता मोजून वहीत लिहा. ती दहा टक्क्यांनी घसरली म्हणजे ताण एकोणीस टक्क्यांनी घसरला. त्या आधीच, तार तुटलेली नसली तरी, दोन्हींचे गटिंग पुन्हा करून घ्या. सरावात दोन्ही आलटून पालटून वापरू द्या. तार तुटली तर उरलेल्या तारा लगेच, मधून सुरुवात करून उभ्या-आडव्या आळीपाळीने कापा. एका बाजूला ढिली आणि दुसऱ्या बाजूला घट्ट जाळी राहिली तर फ्रेम वाकते.

मिक्स्ड_डबल्स:
शिशाच्या पट्टीचा सल्ला मागे घेतो, मुठीचा हिशेब पटला. तिसऱ्या रॅकेटचे उत्तर राहिले आहे ते देतो. काटा सोबत न्या आणि तार न भरलेल्या तीन-चार रॅकेट तोलू द्यायला दुकानदाराला सांगा. तार भरल्यावर सुमारे चार ग्रॅम वाढतात आणि तोल दहा-अकरा मिलिमीटर डोक्याकडे सरकतो, म्हणून बिनतारेच्या रॅकेटची तुलना घरच्या तार भरलेल्या रॅकेटशी करू नका. मुठीच्या बुडाकडून एक डोळा मिटून शाफ्टच्या रेषेत पाहा, डोके मुरगळलेले असेल तर लगेच दिसते. कानाजवळ हलवून आत काही खडखडते का ते ऐका. ग्रोमेट (तार ओवायच्या भोकांतल्या प्लास्टिकच्या नळ्या) प्रत्येक भोकात बसलेले आहेत का पाहा आणि शाफ्ट जिथे डोक्याला जोडला जातो तिथे रंगाखाली बारीक रेघ नाही ना, हे नखाने चाचपा. माल अस्सल आहे ना तेही तपासा, बनावट माल बराच फिरतो.

वारणाकाठ:
तिसरी रॅकेट तूर्त रद्द. दोन्ही रॅकेट अकादमीतच २४-२६ वर भरायला दिल्या आहेत आणि काटा लावून मशीनही तपासून घेतले, १०.८ किलो आले. एक शेवटची शंका: पुढल्या महिन्यातील स्पर्धेसाठी मुलगी २६-२८ मागते आहे. द्यावे का?

ताणकाटा:
फ्रेमवर छापलेली कमाल मर्यादा आधी वाचा, आडव्या तारांचे २८ त्याच्या आत बसले पाहिजेत. बसत असले तरी स्पर्धेच्या तोंडावर नको. ताण वाढला की फुलाशी नेमका संपर्क होणारा मधला भाग आक्रसतो आणि चुकलेल्या फटक्याची किंमत खांदा व कोपर मोजतात. स्पर्धा झाल्यावर एका पाउंडाने वाढवा, दोन्ही रॅकेटमध्ये एकदमच, आणि कोपर दुखत नसेल तरच त्यापुढे जा.