एमएम ५४० : मागे फोर-लिंक करतोय, जॉइंट कुठले घालू?

सत्तरी_५४०

नमस्कार मंडळी. वाळपईजवळ आमच्या कुळागरात (सुपारी-नारळाच्या बागेत) जुनी महिंद्रा एमएम ५४० जीप आहे. मागचे पाटे काढून कॉइल स्प्रिंग आणि ट्रँग्युलेटेड फोर-लिंक (अॅक्सल चासीला धरणाऱ्या चार दांड्या, वरच्या दोन तिरक्या) घालतोय. ट्यूब कापून झाल्या, चासीचे ब्रॅकेट अजून टॅक (कच्चं वेल्ड) करायचे आहेत. गाडी शर्यतीची नाही. काजूच्या डोंगरावर चढायची, ओहोळ ओलांडायचे, आणि पावसात आमचा रस्ता म्हणजे नुसता चिखल.

म्हापशातला एक गॅरेजवाला म्हणतो, आठही टोकांना हाइम (गोळ्यावर फिरणारा धातूचा जॉइंट, मागे आट्यांचा दांडा) घाल, त्याच्याहून मजबूत काही नाही. कॅटलॉगमध्ये पाऊण इंची क्रोमोली स्टीलच्या हाइमला बारा टनांच्या आसपास आकडा दिसतोही. दुसरा मित्र म्हणतो, पॉली बुश (पॉलियुरेथेनचा) घाल आणि विसरून जा. कोणाचं ऐकू?

फोंड्याचा_लेथवाला

भाऊ, दोघांचंही नको.

बारा टन खरे, पण ते गोळ्यावर रॉडच्या रेषेत येणाऱ्या जोराचे. आधी तुझ्या लिंकवर येतं किती ते बघ. मागच्या अॅक्सलवर १००० किलो धर. टायरला पूर्ण पकड मिळाली तर जमिनीशी रेटाही साधारण तेवढाच. टायरची त्रिज्या ३८ सेंमी, खालची लिंक अॅक्सलच्या मध्याच्या ५ सेंमी खाली, वरची १५ सेंमी वर. वरच्या लिंकभोवती मोमेंट (जोर गुणिले अंतर) घे : १००० गुणिले ५३ (३८ अधिक १५) भागिले २० (१५ अधिक ५), म्हणजे खालच्या जोडीवर २६५० किलो दाब. वरच्या जोडीवर १६५० ची ओढ, आणि त्या तिरक्या असल्यामुळे प्रत्येकीत जरा जास्तच. एक चाक दगडाला अडलं की खालचा बहुतेक भार एकाच लिंकवर. वरून आपटली तर त्याच्या दुप्पट-तिप्पट. तरी बारा टनांच्या आतच आहेस.

मग हाइम मोडतात का? वाकून. साध्या हाइमचा गोळा साधारण पंधरा अंशांत ब्रॅकेटला अडतो. तिथून पुढे अॅक्सल पिळला की सगळा जोर आट्यांच्या दांड्यावर. माझ्याकडे असा एक तुटलेला दांडा आला होता. लॉकनटाला लागून जो पहिला उघडा आटा, तिथेच गेलेला. अर्धा तुकडा काळपट, गंजलेला, त्यावर शिंपल्यासारख्या रेघा. उरलेला अर्धा ताजा, करडा, खरबरीत. म्हणजे चीर कितीतरी आधी पडली होती, शेवटच्या दिवशी फक्त उरलेलं तुटलं. मालक मात्र माल नकली म्हणून बोंब मारत होता.

दुसरं, आपला चिखल. जांभ्याची लाल माती पाण्यात कालवली की व्हॉल्व घासायची लॅपिंग पेस्टच. उघड्या हाइममध्ये शिरली की एका पावसाळ्यात गोळा खडखडायला लागतो. आणि टेफ्लॉन लायनर असलेल्या हाइमला ग्रीस मारू नकोस. लोक हमखास मारतात, आणि ते ग्रीस आणखी माती धरून ठेवतं.

पॉली दोन्ही टोकांना घातलास तर लिंक स्वतःभोवती फिरणारच नाही. अॅक्सल तिरका झाला की बुश अडतो आणि ब्रॅकेटचं वेल्डिंग फाटतं. प्रत्येक लिंकचं निदान एक टोक मोकळं फिरलं पाहिजे, हे पक्कं धर.

मी तुझ्या जागी असतो तर अॅक्सलकडे चांगल्या कंपनीचा रबर बुश आणि चासीकडे खोलून दुरुस्त होणारा जॉइंट घातला असता. अमेरिकेतल्या जॉन करीचा जॉनी जॉइंट त्याच जातीचा : फोर्ज केलेला गोळा, दोन्ही बाजूंना डेलरिनच्या (कडक प्लास्टिकच्या) वाट्या, ग्रीस निप्पल, अडकवायला सर्क्लिप. वाट्या झिजल्या की बदलता येतात. महाग पडतो, आयात ड्यूटी वेगळी. पण चारच लागतील, आठ नाही.

कुळे_डिझेल

लेथवाल्यांशी सहमत, फक्त खर्चाचं बोलतो. बोगीवाल्या दहाचाकी टिपरच्या टॉर्क रॉडला (अॅक्सल धरणाऱ्या दांडीला) जो रबर बुश असतो तो बघा. जड आहे, दिसायला बेढब, पण फोंड्यात-कुडचड्यात कुठल्याही ट्रकच्या स्पेअरवाल्याकडे मिळतो. खालच्या लिंकला अॅक्सलकडे तोच बसवा.

आणि खरं सांगू? दूधसागरला जाणाऱ्या जीप नदीतून अख्खा सीझन पाट्यांवरच धावतात. कॉइल हवीच का, हा प्रश्न मी तरी आधी विचारला असता.

पणजीकर

कागदांचंही बघा हो. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ वर सुप्रीम कोर्टाने जानेवारी २०१९ मध्ये सांगितलंय, कंपनीच्या मूळ स्पेसिफिकेशनच्या बाहेरचा बदल चालत नाही. कुळागरात फिरवा, रस्त्यावर आणाल तर ट्रेलरवर.

सत्तरी_५४०

कुळेवाले, पाटे मोडून-वाकून कंटाळलोय, म्हणून कॉइल. पणजीकर, ट्रेलर आहे, कुळागरापर्यंत त्यावरच येते.

लेथवालेदादा, पटलं. मग ब्रॅकेट एका कानाचे चालतील की दोन? आणि लांबी जुळवायला चासीकडचं टोक आट्यांचंच हवं ना?

फोंड्याचा_लेथवाला

दोन कान, डबल शिअर, म्हणजे बोल्टला दोन्ही बाजूंनी आधार. एका कानावर बोल्ट वाकतो आणि भोक लंबगोळ होतं. बोल्ट १०.९ ग्रेडचा, आणि कानाच्या भोकात त्याचा गुळगुळीत दांडा बसला पाहिजे, आटे नव्हेत. हार्डवेअरच्या दुकानातला पूर्ण आट्यांचा बोल्ट आणू नकोस.

आटे हवेत, पण चासीकडेच. दांडा ७/८ इंची म्हणजे २२ मिमी असेल तर निदान ३३ मिमी आत गेलेला हवा. तेवढी खूण आधीच मार्करने कर, नंतर ट्यूबच्या आत डोकावता येत नाही. वरच्या दोन लिंकना दोन्ही टोकांना आटे दिलेस, एक उजवा एक डावा, तर पिनियनचा (अॅक्सलला प्रॉपेलर शाफ्ट जोडतो त्या टोकाचा) कोन गाडीवरच लावता येईल. पण मग तिथे अॅक्सलकडचा बुशही आट्यांच्या टोकाचा घ्यावा लागेल.

ब्रॅकेट टॅकवरच ठेव. कॉइल काढ, एका बाजूने जॅक लावून चाक पूर्ण वर घे, दुसरं लोंबू दे, आणि टॉर्च घेऊन प्रत्येक जॉइंटशी बघ, गोळा अडायच्या आत बंप स्टॉप (अॅक्सल वर यायचा थांबवणारा ठोकळा) लागतोय का. नसेल तर स्टॉप उंच कर. मगच पूर्ण वेल्ड.

रबर बुशचे बोल्ट मात्र शेवटी, गाडी स्वतःच्या चाकांवर उभी असताना आवळ. लोंबत्या अॅक्सलवर आवळलेस तर गाडी खाली ठेवल्यापासून रबर पिळलेलंच राहील आणि दोन महिन्यांत फाटेल. टर्निंगचं काम असेल तर ट्यूबचं मोजमाप इथेच टाक, भिंतीची जाडीसुद्धा.