मदत हवी आहे: दोन विद्याशाखांच्या मध्ये अडकलेला अभ्यासक्रमाचा प्रस्ताव

नमस्कार मंडळी,

मी सह्याद्रीच्या पायथ्याशी असलेल्या एका संलग्न महाविद्यालयात मराठी शिकवते. आमचे वनस्पतिशास्त्राचे सर आणि मी मिळून रानभाज्यांवर एक प्रमाणपत्र अभ्यासक्रम आखला आहे. भाजी कशी ओळखायची, कुठल्या पाड्यावर तिला काय म्हणतात, ती कशी रांधायची, हे सगळं मुलांनी स्वतः फिरून टिपायचं. फोडशीला पलीकडच्याच गावात कुलू म्हणतात. शेवळं काकडांशिवाय (काकड या रानझाडाची आंबट फळं) शिजवली तर घसा खाजतो, हे एका आजींनी मला ओंजळभर काकडं पुढे धरून समजावलं. त्यांचं वय ऐंशीच्या पुढे आहे. माझी घाई त्यासाठीच आहे.

प्रस्ताव पाठवून आठ महिने झाले. आधी तो मानवविज्ञान विद्याशाखेकडे (ह्युमॅनिटीज, मराठी तिच्यातच येतं) दिला. शेरा आला, 'विषय वनस्पतींचा, विज्ञान व तंत्रज्ञान विद्याशाखेकडे सादर करावा.' तिकडे दिला तर, 'भाषिक नोंदींचा भाग मोठा, मानवविज्ञानाचा अभिप्राय घ्यावा.' एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी बीसीयूडीच्या (महाविद्यालय व विद्यापीठ विकास मंडळाच्या) संचालकांना भेटायला सांगितलं, पण ते पद नव्या कायद्यात राहिलेलंच नाही.

मग मीच वाचायला बसले. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम २०१६ चा, लागू झाला १ मार्च २०१७ पासून. त्यात विद्याशाखा चारच: विज्ञान व तंत्रज्ञान, वाणिज्य व व्यवस्थापन, मानवविज्ञान आणि आंतरविद्याशाखीय अभ्यास. प्रत्येकीला एक अधिष्ठाता, म्हणजे विद्याशाखेचा प्रमुख (डीन). इथवर कळलं.

अडतंय ते पुढे. आमचा विषय आंतरविद्याशाखीय अभ्यासात बसेल का? दोन अधिष्ठात्यांचं जुळत नसेल तर शैक्षणिक बाबतीत त्यांच्या वर कोण? कुलसचिवांना लिहू का? अनुभव असलेल्यांनी कृपया सांगावं.

प्रतिसाद, बांधावरचा:
मॅडम, मी एक मुदत अभ्यास मंडळावर काढली आहे. कुलसचिव म्हणजे प्रशासन. पत्र आवक होईल, पुढे पाठवलंही जाईल, पण अभ्यासक्रम चांगला की वाईट हे ते ठरवत नाहीत.

तुमचं लिहिणं वाचून मला वाटतं, प्रस्ताव सुरुवातीलाच चुकीच्या टेबलावर गेला. वाट अशी असते: आधी त्या विषयाचं अभ्यास मंडळ, मग विद्याशाखा, शेवटी विद्यापरिषद, म्हणजे विद्यापीठाची शैक्षणिक निर्णय घेणारी परिषद. अभ्यास मंडळात त्या विषयाचे शिक्षक बसतात, अभ्यासक्रम ओळीओळीने तेच वाचतात. तुमच्या फाइलवर दोन शेरे आहेत आणि दोन्ही 'कोणाकडे जावं' एवढंच सांगतात. आतली पानं बहुधा कोणी उलटलेलीच नाहीत. मराठी आणि वनस्पतिशास्त्र, दोन्ही मंडळांच्या अध्यक्षांना आधी भेटा. श्रेयांक (क्रेडिट) आणि तासिका यांचा तक्ता सोबत ठेवा, पहिला प्रश्न त्यावरच येतो.

प्रतिसाद, पायवाट:
ताई, वरच्या दादांशी सहमत, फक्त तुमच्या मधल्या प्रश्नाचं उत्तर देते. कायद्याने कुलगुरू हे विद्यापीठाचे प्रमुख शैक्षणिक व कार्यकारी अधिकारी. पण अधिष्ठाते थेट काम करतात ते प्र-कुलगुरूंच्या देखरेखीखाली. अधिष्ठाता मंडळाचे अध्यक्षही प्र-कुलगुरूच, आणि तिथे चारही अधिष्ठाते एका टेबलाशी असतात. तुमचा तिढा सुटायची जागा तीच. १९९४ च्या कायद्यात अधिष्ठाते निवडून यायचे आणि आपली नोकरी सांभाळून ते काम बघायचे. आता ते पूर्णवेळ आहेत, त्यामुळे भेट मागायला संकोच करू नका.

आंतरविद्याशाखीय अभ्यासाच्या नावावर जाऊ नका. शिक्षणशास्त्र, ग्रंथालयशास्त्र, पत्रकारिता, शारीरिक शिक्षण असे विषय तिथे आहेत. मराठीचं किंवा वनस्पतिशास्त्राचं मंडळ त्या विद्याशाखेत नाही. तिथे प्रस्ताव गेला तर तो तपासणार कोण?

धागाकर्ती:
दोघांचेही मनापासून आभार. आठ महिन्यांत पहिल्यांदा कोणीतरी वाट सांगितली.

आज सरांशी बोलले. प्रस्तावाचं मूळ घर वनस्पतिशास्त्राचं अभ्यास मंडळ ठेवायचं आणि स्थानिक नावांच्या घटकासाठी मराठी मंडळाचा लेखी अभिप्राय जोडायचा, असं ठरलं. माझं नाव दुसरं आलं तरी चालेल, अभ्यासक्रम सुरू झाला पाहिजे. दोन्ही शेऱ्यांच्या प्रती जोडून मा. प्र-कुलगुरूंना वेगळं पत्रही लिहितेय, प्राचार्यांमार्फत, यथायोग्य मार्गाने.

आता एकच विचारते. दोन विद्याशाखांची संयुक्त बैठक मागायची असेल तर पत्रात ते थेट लिहावं, की फक्त अडचण मांडून निर्णय त्यांच्यावर सोडावा? कोणी असं पत्र लिहिलं असेल तर त्यातल्या दोन ओळी इथे द्याल का? पहिल्या पावसानंतर शेवळं थोडेच दिवस मिळतात, त्याआधी पहिली तुकडी रानात न्यायची आहे.