वाचनालयासाठी व्हॉट्सॲप ग्रुप काढू की दुसरं काही?

वाचनवेडी_ताई: नमस्कार मंडळी, तालुक्याच्या गावात आमचं 'ब' वर्गाचं वाचनालय आहे, मी ग्रंथपाल आणि एक शिपाई एवढाच स्टाफ. नवी पुस्तकं दाखल होतात पण सभासदांना पत्ताच लागत नाही. कमिटीतले एक सर म्हणतात ग्रुप काढा, दुसरे म्हणतात फेसबुक पेज. सभासदांत बायका आणि ज्येष्ठ नागरिक जास्त. कशाचा खरंच उपयोग होतो? यादीही ऑनलाइन टाकायचीय, पैसे फारसे नाहीत.

पुस्तकपेटी: ताई, ग्रुप नकोच! सगळ्यांचे नंबर सगळ्यांना दिसतात, बायकांना ते नको असतं, शिवाय गुड मॉर्निंगच्या ढिगात तुमचं पुस्तक बुडतं. व्हॉट्सॲप चॅनल काढा, फॉलो करणाऱ्यांचे नंबर एकमेकांना दिसत नाहीत आणि पोस्ट फक्त तुम्हीच टाकता. ब्रॉडकास्ट लिस्टही चालेल पण ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केलाय त्यांनाच मेसेज जातो, म्हणून वर्गणी घेतानाच त्यांच्या फोनमध्ये सेव्ह करून द्या. मुखपृष्ठाचा फोटो, दाखल क्रमांक आणि कथा कशाबद्दल आहे त्या दोन ओळी, बास. दिवाळी अंक आले की एकदम सगळे नका टाकू, रोज एकेक टाका.

कपाट_नं_३: यादीसाठी कोहा नावाचं वाचनालयाचं सॉफ्टवेअर आहे, फुकट, 2000 सालापासून न्यूझीलंडच्या एका वाचनालयात वापरायला लागले, युनिकोड असल्याने मराठी नोंदी नीट होतात. पण सर्व्हर सांभाळणारं माणूस लागतं, ते नसेल तर आधी गुगल शीटमध्ये दाखल नोंदवही उतरवा, पुढेमागे तीच कोहात घेता येते. मात्र लेखकाचं नाव एकाच पद्धतीने लिहा, कुठे 'वि. स.', कुठे 'वि.स.', कुठे नुसतं आडनाव असं झालं की सर्चमध्ये अर्धी पुस्तकं सापडतच नाहीत, ही गोष्ट खरंच मनावर घ्या.

वाचनवेडी_ताई: खूप आभार दोघांचे. काही सभासद पुस्तकांच्या पीडीएफ मागतात, त्या टाकू का?

पुस्तकपेटी: नाही हो, लेखकाच्या मृत्यूनंतर 60 वर्षं कॉपीराइट असतो. साने गुरुजी 1950 ला गेले, त्यांचं लेखन 2011 पासून मुक्त आहे, अशा जुन्या पुस्तकांसाठी मराठी विकिस्रोत या मुक्त ऑनलाइन ग्रंथालयाची लिंक द्या. नव्या पुस्तकांच्या पीडीएफ फिरवल्या तर मराठी प्रकाशक जगणार कसे?

कपाट_नं_३: आणि शीटची लिंक देताना 'फक्त पाहता येईल' असंच ठेवा. कुठलं पुस्तक कोणाकडे गेलंय ते नाव त्यात अजिबात नको, 'बाहेर आहे, अमुक तारखेला परत' एवढंच लिहा. कोण काय वाचतं हे गावाला कळायचं काही कारण नाही.