जुने भयपट घरात अंगावर येतात की घरात त्यांची धार जाते?

उंबरठा (धागाकर्ती)

गेल्या महिन्याभरात रात्रीची जेवणे आटोपल्यावर मी 1931 ते 1963 या काळातले पाच-सहा इंग्रजी भयपट घरच्या टीव्हीवर ओळीने पाहिले आणि माझे एक जुने मत पक्के झाले. भयपट पाहावा तर थिएटरातच, असे आपण सर्रास म्हणतो. आजच्या भयपटांविषयी ते खरे असेलही, पण जुने भयपट घरातच, आणि शक्यतो एकट्याने पाहिले, तरच ते नीट लागू पडतात, असे मला वाटते.

रॉबर्ट वाइझ यांचा 1963 चा 'द हाँटिंग' घ्या. त्यात भूत एकदाही दिसत नाही. मध्यरात्री दोन बायका पलंगावर एकमेकींना बिलगून बसल्या आहेत, बाहेरच्या बोळातून काहीतरी भिंती आणि दारे बडवत पुढे पुढे सरकते आहे, आणि कॅमेरा नुसता दारावर, त्याच्या चौकटीवर आणि मुठीवर रेंगाळतो आहे. पुढे एका प्रसंगात जाडजूड लाकडी दार बाहेरच्या दाबाने आतल्या बाजूला फुगते आणि पुन्हा सपाट होते. एवढेच घडते. ते दार मी पाहत होते तेव्हा माझ्या पाठीशी माझ्या घराचे दार होते, आणि त्याची कडी लावली आहे की नाही हे मला नेमके आठवत नव्हते. थिएटरात पाठीशी खुर्च्यांची आणखी एक रांग असते, आणि तिथे कोणीतरी पॉपकॉर्न खात असते.

दुसरी गोष्ट शांततेची. 1931 च्या 'ड्रॅक्युला'मध्ये शीर्षकांवर चायकोव्हस्कीच्या 'स्वान लेक' या बॅलेचे संगीत वाजते, मध्ये नाट्यगृहातला एक प्रसंग येतो, आणि ते सोडले तर पार्श्वसंगीत जवळपास नाहीच. बोलपट तेव्हा नवा होता आणि दृश्यांखाली सलग संगीत पसरण्याची पद्धत अजून रुळलेली नव्हती. त्या शांततेत आपल्या फ्रीजची घरघर आणि वरच्या मजल्यावर सरकलेली खुर्ची हेसुद्धा चित्रपटात सामील होतात. विरुद्ध मत असणाऱ्यांनी अवश्य लिहावे.

पडद्यामागे

विरुद्ध मत माझे आहे, आणि ते बऱ्यापैकी ठाम आहे. फिल्म सोसायटीचे खेळ लावण्यात माझी बरीच वर्षे गेली, त्यामुळे हा पूर्वग्रह आहे असे कोणी म्हटले तर मी नाकारणार नाही.

तुमच्या यादीत जॅक क्लेटन यांचा 1961 चा 'द इनोसन्ट्स' आहे की नाही ते तुम्ही लिहिलेले नाही. तो चित्रपट पूर्ण काळ्या पडद्याने सुरू होतो. स्टुडिओचे बोधचिन्हही यायच्या आधी त्या काळोखात एक लहान मुलगी बराच वेळ संथपणे गात राहते. सभागृहात त्या काळोखाचा अर्थ असा होतो की शेजारचा माणूसही आपल्याला दिसेनासा होतो आणि दोन-अडीचशे लोक एकदम गप्प होतात. घरी त्याच काळोखाचा अर्थ असा होतो की आपण रिमोट उचलून केबल नीट बसली आहे का ते पाहतो. हे मी थट्टेने लिहीत नाही. माझ्या मेहुण्यांनी माझ्यासमोर तसे केलेले आहे.

शिवाय हा चित्रपट सिनेमास्कोपमध्ये, म्हणजे खूप रुंद चौकटीत आहे. छायाचित्रकार फ्रेडी फ्रान्सिस यांनी कडा रंगवून काळ्या केलेले फिल्टर वापरले, त्यामुळे त्या आडव्या चौकटीच्या दोन्ही टोकांना अंधार साचलेला राहतो आणि नजर सारखी तिकडे ओढली जाते. जुन्या चौकोनी टीव्हीवर ही चौकट भरून दाखवली जाई तेव्हा चाळीस टक्क्यांहून अधिक चित्र कापले जाई, म्हणजे भीती जिथे ठेवली होती नेमक्या त्या जागाच जात. आता पूर्ण चौकट मिळते, हे कबूल. पण तळ्यापलीकडच्या लव्हाळ्यात काळ्या कपड्यांतली एक बाई दूरवर नुसती उभी असते, ती मोठ्या पडद्यावर आपल्याकडे पाहते. मोबाइलवर ती तिळाएवढी होते आणि ती आहे हे शेजाऱ्याने सांगावे लागते.

'सायको' 1960 मध्ये प्रदर्शित झाला तेव्हा खेळ सुरू झाल्यावर कोणालाही आत सोडायचे नाही, असा दिग्दर्शक हिचकॉक यांचा दंडक होता. घरी आपणच आपल्याला आत-बाहेर सोडत असतो. भयपटाला लागणारी असहायता रिमोट हातात असलेल्या माणसाकडे कुठून येणार?

रात्रपाळी

'पडद्यामागे' यांचे चौकटीबद्दलचे म्हणणे मान्य आहे. मात्र त्यांच्या मांडणीत एक गोष्ट गृहीत धरली आहे, ती म्हणजे हे चित्रपट अभिजात ठरले ते थिएटरमुळे. इतिहास जवळपास उलटा आहे.

युनिव्हर्सल या हॉलिवूडच्या स्टुडिओचे तीसच्या-चाळीसच्या दशकांतले भयपट पन्नासच्या दशकापर्यंत बरेचसे अडगळीत गेले होते. 1957 मध्ये स्क्रीन जेम्स या कंपनीने त्यांतले 52 चित्रपट एकत्र बांधून 'शॉक थिएटर' या नावाने अमेरिकेतल्या स्थानिक वाहिन्यांना दिले. वाहिन्यांनी ते रात्री उशिरा लावले, आणि भडक वेशातला एखादा निवेदक मध्ये मध्ये टवाळी करायला बसवला. 1931 साली जन्मलीही नव्हती अशी मुले घरच्या बैठकीत चादरीत गुरफटून 'फ्रँकेन्स्टाइन'मधले कार्लोफ आणि 'ड्रॅक्युला'मधले लुगोसी पाहू लागली. लगेच पुढच्या वर्षी केवळ अशा चित्रपटांना वाहिलेले 'फेमस मॉन्स्टर्स ऑफ फिल्मलँड' हे नियतकालिक निघाले. आपण आज ज्यांना 'क्लासिक' म्हणतो त्यांना ते पद या घरच्या प्रेक्षकाने दिले.

'सायको'चे उदाहरण तर तुमच्यावरच उलटते. तो चित्रपट हिचकॉक यांनी आपल्या दूरचित्रवाणी मालिकेच्या चमूतले बरेच लोक घेऊन, कृष्णधवल आणि कमी खर्चात केला होता. आणि 1968 चा 'नाइट ऑफ द लिव्हिंग डेड' पाहा. प्रदर्शनापूर्वी त्याचे नाव बदलताना नव्या शीर्षकाच्या चौकटीत स्वामित्वहक्काची सूचना घालायची राहून गेली आणि अमेरिकेतल्या तेव्हाच्या कायद्यानुसार चित्रपट सार्वजनिक मालकीचा झाला. निर्मात्यांचे त्यात मोठे नुकसान झाले, पण कोणतीही वाहिनी तो फुकट दाखवू शकत होती, कोणीही त्याची कॅसेट काढून विकू शकत होता, आणि म्हणून तो घरोघरी पोहोचला. त्या चित्रपटातली माणसेसुद्धा एका घरात अडकून टीव्हीवरच्या बातम्या पाहत बसलेली असतात, हे विसरू नये.

घरच्या प्रेक्षकाला मिळालेली आणखी एक चैन सांगतो. 'ड्रॅक्युला'चे इंग्रजी चित्रीकरण दिवसा संपले की त्याच सेटवर रात्री दुसरा संच येऊन स्पॅनिश 'ड्रॅक्युला' चित्रित करत असे. आज दोन्ही चित्रपट एकापाठोपाठ लावून, थांबवून, मागे नेऊन ताडून पाहता येतात. स्पॅनिशमधला कॅमेरा जास्त हिंडताफिरता आहे, इंग्रजीत लुगोसी आहेत. 1931 च्या तिकीटधारकाला हे सुख नव्हते.

रोखठोक

तुम्ही दोघेही ज्या भीतीवरून भांडता आहात ती आहे कुठे, हा माझा साधा प्रश्न आहे. मी तिशीतला माणूस आहे. 'ड्रॅक्युला' धाकट्या भावाबरोबर पाहिला. लुगोसी यांचे प्रत्येक शब्दावर थांबत थांबत बोलणे ऐकून भाऊ हसला, आणि किल्ल्याच्या तळघरात शवपेट्यांच्या आसपास चक्क आर्माडिलो फिरताना दिसले तेव्हा मीही हसलो. अमेरिका खंडातला हा कवचधारी प्राणी ड्रॅक्युलाच्या ट्रान्सिल्व्हेनियात, म्हणजे युरोपात, काय करतो? आम्ही पॉज करून तो नीट पाहिला. हे चित्रपट लोक घरी पाहतात ते आजीची पेटी उघडल्यासारखे, धुके, कोळिष्टके, मेणबत्त्या आणि सुंदर सावल्या पाहायला. त्यात काही वाईट नाही, पण त्याला भीती म्हणू नये.

पडद्यामागे

आर्माडिलोचा पुरावा मी आनंदाने माझ्या बाजूने नोंदवून घेतो. पॉज केला म्हणून तो दिसला. सभागृहात तो सरपटत जातो, काहीतरी ओंगळ हलले एवढेच कळते, आणि दृश्य पुढे सरकते.

उंबरठा

'रोखठोक' यांना उत्तर देणे मला जास्त महत्त्वाचे वाटते. 'ड्रॅक्युला' आज अनेकांना भीतिदायक वाटत नाही, हे मी मान्य करते. पण 'फ्रँकेन्स्टाइन' त्याच वर्षीचा, त्याच स्टुडिओचा, आणि त्याचे काय करायचे?

तळ्याकाठी एक लहान मुलगी, शास्त्रज्ञाने प्रेतांचे तुकडे जोडून घडवलेल्या त्या प्राण्याला फुले देते. दोघे मिळून ती पाण्यात टाकतात आणि फुले तरंगतात. कार्लोफ यांच्या चेहऱ्यावर त्या वेळी पहिल्यांदा हसू येते. फुले संपतात, तो आपल्या रिकाम्या हातांकडे पाहतो, आणि मुलगीही तरंगेल अशा समजुतीने तिला उचलून पाण्यात टाकतो. ती तरंगत नाही. मग तो भांबावून, तोंडातल्या तोंडात काही पुटपुटत झाडीतून निघून जातो.

हा शेवटचा भाग सेन्सॉरच्या कात्रीमुळे कित्येक वर्षे गायब होता आणि 1980 च्या दशकात तो परत जोडला गेला. कापलेल्या प्रतीत तो मुलीकडे हात पसरतो तिथेच दृश्य तुटे, आणि नंतर एकदम तिचा बाप तिचे कलेवर हातांवर घेऊन गावातून चालत येताना दिसे. मधल्या काळात काय झाले असेल याची जी कल्पना प्रेक्षक करी ती खऱ्या दृश्यापेक्षा कितीतरी अभद्र असणार. म्हणजे सेन्सॉरने निरागस चूक कापली आणि तिच्या जागी पाप ठेवले. मी पूर्ण दृश्य पाहिले तेव्हा दचकले नाही, पण नंतर पाणी प्यायला उठायचे होते ते उठले नाही. याला भीती म्हणायचे नसेल तर दुसरा शब्द सुचवा, मी तो वापरेन.

कानसेन

वादात कोणाचीच बाजू न घेता दोन व्यावहारिक गोष्टी लिहितो, कारण घरी पाहून निराश झालेल्यांपैकी निम्म्यांची निराशा टीव्हीच्या सेटिंगमध्ये असते.

बहुतेक नव्या टीव्हींवर चित्र अधिक गुळगुळीत करणारी सोय आपोआप चालू असते. चित्रपट सेकंदाला 24 चौकटींनी चित्रित झालेला असतो, आणि टीव्ही मधल्या चौकटी स्वतःच्या मनाने भरतो. परिणामी 1942 चा चित्रपट काल दुपारी चित्रित झालेल्या मालिकेसारखा दिसतो. ती सोय आधी बंद करावी. दुसरे, नेटवरून येणाऱ्या चित्रात गडद काळ्या भागाची बारीक माहिती सर्वांत आधी गळते, त्यामुळे सावलीच्या जागी करडे चौकोन दिसू लागतात. 1942 च्या 'कॅट पीपल'मधला पोहण्याच्या तलावाचा प्रसंग यात पार वाया जातो. पाण्यात एकटी बाई आहे, छतावर आणि भिंतींवर पाण्याची कवडसेवजा थरथर आहे, एक गुरगुर ऐकू येते आणि जनावर आहे की नाही ते कळत नाही. त्या भिंतीवर चौकोन उमटले की संपले. शक्य असेल तर डिस्कवरून पाहावा, दिवे घालवावेत आणि टीव्हीच्या पाठीमागच्या चिमुकल्या स्पीकरऐवजी बरे हेडफोन लावावेत. त्याच चित्रपटात रात्रीच्या रस्त्यावर पाठलाग होतो, पावलांचा आवाज अचानक थांबतो, आणि पुढच्या क्षणी बसचे ब्रेक श्वापदासारखे फिस्कारत चौकटीत घुसतात. हेडफोनवर ती जागा ऐकून पाहा.

पडवी

तळकोकणातल्या माणसाचा एक छोटा मुद्दा. आमच्याकडे भुताच्या गोष्टी जेवणे झाल्यावर पडवीत, वीज गेलेली असताना सांगत, आणि सांगणारा नेहमी म्हणे की हे आपल्याच पाणंदीवर घडले. ऐकून झाल्यावर त्याच अंधारातून मागीलदारी जायचे असे. त्यामुळे भीती घराशेजारी असावी लागते, हे धागाकर्तीचे म्हणणे मला लगेच पटले. मात्र पडवीत आम्ही दहाजण असायचो. एकट्याने पाहावे, एवढा भाग तेवढा पटत नाही.

पडद्यामागे

'पडवी' यांनी माझी निम्मी बाजू सांभाळली, त्यांचे आभार. धागाकर्तीला एक विनंती आहे. 'कानसेन' म्हणतात तशी सगळी तयारी करून, फोन दुसऱ्या खोलीत ठेवून, 'द हाँटिंग' पुन्हा एकदा न थांबवता पाहा. त्यात नायिका अंधारात मैत्रिणीला आपला हात घट्ट धरायला सांगते, आणि दिवा लागल्यावर दिसते की मैत्रीण खोलीच्या पार दुसऱ्या टोकाला आहे. त्या प्रसंगापर्यंत रिमोटला हात लागला नाही तर मी माझे म्हणणे मागे घेईन.

उंबरठा

काल रात्री पाहिला. टीव्हीची ती गुळगुळीत सोय बंद केली, फोन स्वयंपाकघरात ठेवला. हाताच्या प्रसंगापर्यंत न थांबता पोहोचले, याची कृपया नोंद घ्यावी. पुढे दार फुगायला लागले आणि नेमका तेव्हाच आमच्या मजल्यावर लिफ्टचा जाळीचा दरवाजा आपटला. मी पॉज केले. लिफ्टमधून कोण उतरले ते पाहायला गेले नाही.

रोखठोक

मग उरलेला चित्रपट केव्हा पाहिलात?

उंबरठा

आज सकाळी, चहाबरोबर. पडदे उघडे ठेवून.