सुईनंतरचा अर्धा तास

वर एकांनी लिहिलंय की पक्षाघातानंतर आखडलेल्या आईच्या हाताला ड्राय नीडलिंग (स्नायूत बारीक सुई टोचणं) केलं, दोन दिवस हात सैल राहिला आणि पुन्हा मूठ आवळली, म्हणजे पैसे पाण्यात. सैलपणा टिकत नाही हे खरंच, पण पैसे पाण्यात गेले असं मला वाटत नाही. स्नायू आखडतो तो मेंदूचा त्याच्यावरचा लगाम सुटल्यामुळे. या सुईत औषध नसतं, मेंदूतली इजा ती भरून काढत नाही. स्नायू सैल करणाऱ्या बोटॉक्स इंजेक्शनचा परिणाम साधारण तीन महिने राहतो, हिचा त्याहून खूपच कमी. ती थोडा वेळ मिळवून देते, बस.

तो वेळ कसा वापरायचा हे आम्हाला परळच्या फिजिओथेरपिस्ट ताईंनी दाखवलं. बाबांची डावी मूठ इतकी घट्ट असायची की नखं तळव्यात रुतायची, हात धड धुताही यायचा नाही. कोपराखाली सुई गेली की स्नायू त्वचेखाली टचकन उडालेला दिसायचा. सुया काढल्या की लगेच, तिथंच, एकेक बोट सोडवत ताण द्यायचा आणि वर स्प्लिंट, म्हणजे बोटं उघडी धरून ठेवणारा आधार. घरीही तेच, रोज. मूठ पूर्ण नाही उघडली, पण तळवा साबणाने धुता येऊ लागला. आमच्यासाठी हे फार मोठं होतं.

आणि कृपा करून हे विसरू नका: पक्षाघातानंतर क्लोपिडोग्रेल, वॉरफरीनसारखी रक्त पातळ ठेवणारी गोळी चालू असेल तर सुईआधी ते सांगा, न्यूरोलॉजिस्टलाही विचारा.